सोफी म्हणजे फक्त चार्लीची साथ नव्हे

एका पोस्टमध्ये इलेक्ट्रॉनिक संगीतकार सोफीला 'चार्ली एक्ससीएक्सची निर्माती', म्हणजे त्या ब्रिटिश पॉप गायिकेची गाणी घडवणारी, म्हणून एका ओळीत उरकलंय, ते पटलं नाही. ग्लासगोत जन्मलेल्या या कलाकाराचं 'बिप' हे गाणं २०१३ सालीच तिथल्या नंबर्स या रेकॉर्ड लेबलवर आलं, म्हणजे चार्लीबरोबर केलेल्या 'व्रूम व्रूम'च्या तीन वर्षं आधी. तयार सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे) न उचलता ड्रमसकट सगळे आवाज सिंथेसायझरवर मुळापासून घडवायचे, ही सोफीची पद्धत. म्हणून तर ते रबर ताणल्यासारखे लागतात, दुसऱ्या कुणाचे वाटतच नाहीत! मॅडोनाबरोबरचं काम मला तितकं महत्त्वाचं वाटत नाही. २०१७ च्या 'इट्स ओके टू क्राय' या गाण्यात सोफीने पहिल्यांदा स्वतःचा गळा आणि चेहरा पुढे आणला, ते धाडस मोठं. पुढच्या वर्षीच्या अल्बमला ग्रॅमी नामांकन मिळालं. २०२१ मध्ये अथेन्सला अपघाती मृत्यू, अवघ्या ३४ व्या वर्षी. त्या अल्बममधलं 'फेसशॉपिंग' चांगल्या हेडफोनवर ऐकाच.