मदत हवी आहे : पदविकेनंतर बांधकाम व्यवस्थापनाकडे जाण्याचा मार्ग

स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेनंतर मी ५ वर्षे साइटवर पर्यवेक्षक म्हणून काम करत असून, यापुढे प्रकल्पाचे नियोजन, खर्च आणि करार यांची जबाबदारी पेलता यावी, यासाठी शिक्षण घेऊ इच्छितो. नोकरी सोडणे शक्य नाही. त्यामुळे पूर्णवेळ अभ्यासक्रमाचा विचार मी बाजूला ठेवला आहे.

क्रिटिकल पाथ पद्धतीने (ज्या कामांना उशीर झाल्यास संपूर्ण प्रकल्प लांबतो, ती साखळी शोधून) वेळापत्रक आखणे आणि नकाशांवरून परिमाणे काढणे मी स्वतःच शिकलो आहे, परंतु निविदा, कराराच्या अटी आणि वादनिवारण हे विषय केवळ वाचून नीट उमगत नाहीत, असा माझा अनुभव आहे. पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) या प्रकल्प व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचाही विचार केला. त्यासाठी ३५ तासांचे प्रशिक्षण लागते आणि पदवी नसल्यास ३६ ऐवजी ६० महिने प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. माझे काम मुख्यतः देखरेखीचे असल्याने तो मार्ग सध्या दूरचा वाटतो.

आता दोन पर्याय उरतात : स्थापत्यची पदवी घेऊन नंतर व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घेणे, किंवा थेट बांधकाम व्यवस्थापनाची पदवी घेणे. पहिल्यात संरचनेच्या ज्ञानाचा पाया पक्का होतो, पण वेळ बराच जातो. दुसऱ्यात हवे ते विषय लवकर मिळतात. मी विचारलेल्या दोन वरिष्ठांनी नेमके परस्परविरुद्ध सल्ले दिले.

ज्यांनी साइटवरून प्रकल्प व्यवस्थापकापर्यंतचा प्रवास केला आहे किंवा जे अशा पदांसाठी उमेदवार निवडतात, त्यांना माझा नेमका प्रश्न असा : साइटचा अनुभव हाताशी असताना, स्थापत्यची पदवी नसणे पुढे कोणत्या टप्प्यावर खरोखर अडथळा ठरते?