रिकव्हर्ड इथाइल ॲसिटेटमधील मिथेनॉलसाठी कोणता कॉलम घ्यावा?

प्रश्न (वाळूज एमआयडीसी)

आमच्या कारखान्यात वापरलेले इथाइल ॲसिटेट ऊर्ध्वपातन करून पुन्हा प्रक्रियेत घेतले जाते आणि त्यात मिथेनॉल, इथेनॉल व ॲसिटोन किती उरले आहे हे जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करणारे उपकरण) एफआयडी (ज्योतीत जळणारा कार्बन ओळखणाऱ्या) डिटेक्टरने तपासावे लागते. सध्या प्रयोगशाळेत वॅक्स प्रकारचा (आत पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा थर असलेला) एकच कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी बारीक नळी, आहे, लांबी ३० मीटर आणि व्यास ०.५३ मिमी. ॲसिटोन आणि इथेनॉल त्यावर नीट सुटतात, परंतु मिथेनॉलचा पीक (आलेखावरील उंचवटा) इथाइल ॲसिटेटच्या मुख्य पीकच्या उतरत्या बाजूला इतका चिकटून येतो की इंटिग्रेशनची (पीकचे क्षेत्र मोजण्याची) रेषा कोठून ओढावी यावर प्रत्येक पाळीचे मत वेगळे पडते. ओव्हनचे तापमान आणि गॅसचा प्रवाह बदलून पाहिला, फारसा फरक पडला नाही. ६० मीटरचा वॅक्स मागवावा की प्रकारच बदलावा? परवानगी एकाच कॉलमची आहे.

उत्तर (चिकलठाणा)

प्रकार बदलावा. लांबी दुप्पट केल्याने वेळ जवळपास दुप्पट लागेल, पृथक्करण मात्र सुमारे १.४ पटच सुधारेल.

मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळते आणि इथाइल ॲसिटेट ७७.१ अंशांना, तरीही वॅक्सवर मिथेनॉल मागे राहते, कारण त्यातील पॉलिएथिलीन ग्लायकॉल हायड्रोजन बंधाने अल्कोहोलला धरून ठेवते. ६२४ प्रकारच्या कॉलममध्ये ६ टक्के सायनोप्रोपिलफेनिल आणि ९४ टक्के डायमिथाइल पॉलिसिलॉक्सेन असते. तेथे ही पकड सैल असल्यामुळे आधी मिथेनॉल, मग इथेनॉल, नंतर ॲसिटोन आणि त्यानंतर बऱ्याच अंतराने इथाइल ॲसिटेट बाहेर पडते. अल्प प्रमाणातील घटक मुख्य घटकाच्या शेपटीवर मोजण्यापेक्षा त्याच्या आधीच्या मोकळ्या बेसलाइनवर मोजणे केव्हाही सोपे असते. आपण ३० मीटर, ०.५३ मिमी आणि ३ मायक्रोमीटर फिल्म (आतला थर) घ्यावी. फिल्म जाड असली की नमुना विरळ न करता टोचला तरी मुख्य पीक पुढच्या बाजूला कमी पसरतो.

उत्तर (नांदेड, अध्यापनातून)

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, मात्र त्यावर भागणार नाही अशा काही गोष्टी आहेत. आपल्या प्लांटमध्ये एमईके (मिथाइल इथाइल कीटोन हे द्रावक) वापरात असेल, तर ६२४ वर ते इथाइल ॲसिटेटला अगदी लागून येते, म्हणून खरेदीआधी हे तपासावे. दुसरे असे की निकाल नुसत्या पीकच्या क्षेत्र टक्केवारीत देऊ नये. ऑक्सिजनला जोडलेल्या कार्बनला एफआयडी कमी प्रतिसाद देते आणि मिथेनॉलमध्ये तर तेवढा एकच कार्बन आहे, त्यामुळे ते असते त्यापेक्षा कमी दिसते. शुद्ध इथाइल ॲसिटेटमध्ये ठरावीक मिथेनॉल मिसळून तुलनेसाठी स्टँडर्ड करावे. ॲसिटिक ॲसिडचा पीक ६२४ वर शेपटीसारखा ओढला जातो, त्यामुळे ते टायट्रेशननेच पाहावे. पाणी एफआयडीला दिसत नाही, त्यासाठी कार्ल फिशर (पाणी मोजण्याचे टायट्रेशन) आहेच.

उत्तर (शेंद्रा)

पुस्तकात न सापडणारी आपल्या भागातील अडचण सांगतो. पद्धतीत ओव्हनची सुरुवात ४० अंशांवर लिहिलेली असते, पण मे महिन्यात एसी बंद पडला की खोलीच चाळिशीला पोहोचते आणि ओव्हन खोलीपेक्षा काही अंश वरच स्थिरावू शकतो, त्यामुळे उपकरण तासन् तास ‘रेडी’ होत नाही. आम्ही सुरुवात ५० अंशांवर ठेवून पद्धत पुन्हा पडताळली. शिवाय कॉलममधून नमुना वाहून नेणारा नायट्रोजन जनरेटरवर असेल, तर वीज जाताच प्रवाह थांबतो आणि गरम कॉलममध्ये हवा शिरण्याचा धोका राहतो. राखीव सिलिंडर जोडून ठेवावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. एमईके आमच्याकडे नाही, त्यामुळे ६२४ ची मागणी आजच टाकतो. नायट्रोजन जनरेटरवरच आहे, तेव्हा सिलिंडरची व्यवस्था झाल्यावरच नवा कॉलम बसवीन, आणि कंडिशनिंग (वापरापूर्वी गॅसच्या प्रवाहात तापवून कॉलम स्वच्छ करणे) होईपर्यंत त्याचे डिटेक्टरकडील टोक मोकळे ठेवीन.