बाबांना सायफाय-फँटसी वाचायला काय द्यावं? मराठीत सुचवा

कोराडीची_लेक

नमस्कार मंडळी, बाबांसाठी पुस्तकं शोधून राहिली आहे, मदत पाहिजे. बाबा कोराडीच्या पॉवर स्टेशनातून रिटायर झाले, आयुष्यभर वाचलं ते फक्त मराठी आणि त्यातही ऐतिहासिक, पेशवाई, शिवकाळ, पानिपत तर विचारूच नका, घरात आहे तेवढं सगळं परत परत वाचून झालं. आता नागपूरचा मे महिना, सकाळी दहानंतर बाहेर पडायची सोय नाही, दिवसभर कूलरसमोर बसून पेपरातल्या टेंडरच्या जाहिरातीपण वाचून काढतात.

मी स्वतः सायफायवाली, पण सगळं इंग्रजीत. परवा जेवताना त्यांना ड्यून या कादंबरीबद्दल सांगत होती, की वाळवंटी ग्रह आहे, पाण्याचा थेंब नाही, म्हणून लोक असा सूट घालतात जो घाम गाळून परत प्यायचं पाणी करतो. बाबांनी घास हातातच ठेवला आणि म्हणाले, गाळायला प्रेशर लागेल ना, पंप कशावर चालतो, चालण्यावर? आता फ्रँक हर्बर्टनं १९६५ च्या त्या पुस्तकात अगदी हेच लिहिलंय, श्वासाच्या आणि टाचांच्या हालचालीवर पंप चालतो! तेव्हापासून डोक्यात बसलंय की या माणसाला हे सगळं वाचायला मिळालंच पाहिजे.

अटी दोनच. मराठीत पाहिजे, आणि लहान मुलांचं वाटेल असं नको, नाही तं दोन पानांत बाजूला ठेवतील. अनुवाद चालेल.

बर्डीचा_वाचक

ताई, तुम्ही पानिपत म्हटलं तिथंच उत्तर आलं. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा द्या, बाकी सगळं नंतर. गंगाधरपंत इतिहासाचे प्राध्यापक, एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात जिथं १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे, कारण विश्वासरावांना लागायची ती गोळी चाटून गेली. आणि मजा म्हणजे हा माणूस घाबरून पळत नाही, सरळ लायब्ररीत जातो आणि इतिहासाची पुस्तकं काढून बसतो, नेमकं कुठल्या पानापासून इतिहास बदलला ते शोधायला. तुमच्या बाबांनीपण तेच केलं असतं ना? घरात अकरावीचं कोणी असेल तर त्याला विचारा, हीच कथा इंग्रजीत एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आलेली आहे.

ती आवडली तर मग 'वामन परत न आला'. जमिनीच्या पोटात कुठल्या तरी जुन्या प्रगत संस्कृतीनं पुरून ठेवलेला ठेवा सापडतो आणि त्यातल्या माहितीवरून यंत्रमानव बनवतात, एवढंच सांगतो, पुढचं सांगितलं तर बाबा माझ्यावर चिडतील. नारळीकरांची पात्रं कधी कधी पातळ असतात हे मान्य, सगळे एकसारखंच बोलतात, पण कल्पनेचा सांगाडा इतका पक्का की यंत्रावर काम केलेल्या माणसाला तो दिसतो आणि तो खूश होतो.

आणि बाबांना पुस्तकासोबत हा किस्सा नक्की सांगा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती लिहून काढली त्यांच्या पत्नीनं. पहिलं बक्षीस मिळालं. एवढा नाव झालेला शास्त्रज्ञ, पण कथा तिच्या बळावर निवडली जावी असं त्यांना वाटलं, मला याचं फार वाटतं. गेल्या वर्षी, २०२५ च्या मेमध्ये ते गेले तेव्हा मी ती कथा परत काढून वाचली.

दुपारची_धंतोली

बर्डीच्या भाऊंशी सहमत, पण फँटसी राहूनच गेली की! आणि बाबांच्या पिढीला फँटसी नवीन नाही बरं का, नाथमाधवांची 'वीरधवल' त्यांनी शाळेत असताना चोरून वाचली असेल, विचारून पाहा, डोळे चमकतील.

मी म्हणेन गौरी देशपांड्यांनी केलेला अरेबियन नाइट्सचा अनुवाद द्या. रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी प्रतीवरून केलाय, लहान मुलांसाठी छाटलेली अलिबाबा-सिंदबाद नव्हे, पूर्ण मोठ्या माणसांची, गोष्टीत गोष्ट, तिच्यात अजून गोष्ट, लबाड व्यापारी, जिन, खलिफा वेश बदलून रात्री बगदादमध्ये फिरून राहिला, असं सगळं. बरेच खंड आहेत म्हणजे उन्हाळा निघेल. विकत घेण्याआधी विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात चौकशी करा, अख्खा संच एकदम घेणं सगळ्यांना परवडत नाही.

दुसरं म्हणजे ज्यूल व्हर्न. भा. रा. भागवतांनी मराठीत आणला म्हणून तो मुलांच्या कपाटात जाऊन बसला, पण इतिहासवाल्या माणसाला एक गोष्ट सांगा, 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'मधला पाणबुडीचा तो कॅप्टन नेमो कोण होता? व्हर्ननं नंतरच्या मिस्टीरियस आयलंडमध्ये सांगितलंय, नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कार, १८५७ मध्ये इंग्रजांशी लढला, त्यात घरचे गेले, राज्य गेलं आणि मग तो समुद्राखाली निघून गेला. हे कळल्यावर पहिलं पुस्तक परत वाचलं की इंग्रजांचं नाव न घेता त्याचा राग कुठं कुठं बाहेर पडतो ते दिसायला लागतं. माझ्या सासऱ्यांना हे सांगितलं तं त्यांनी नातवाचं पुस्तक मागून घेतलं.

मनीषनगर_मेकॅनिकल

मी थोडं वेगळं बोलतो, राग नका मानू. आपण सगळे वडील मंडळींना हलकं, ओळखीचं, जुनंच देऊन राहिलो. काहून? ज्या माणसाला सूटच्या पंपाचा प्रश्न पडतो त्याला आजचं पुस्तक पाहिजे. अँडी वेअरचं 'प्रोजेक्ट हेल मेरी' घ्या, २०२१ चं. हीरो एका बंद खोलीत जागा होतो, स्वतःचं नावपण आठवत नाही, पण वस्तू पडताना काहीतरी खटकतं त्याला. मग तो टेप आणि स्टॉपवॉच घेऊन वस्तू खाली पाडून पाडून मोजतो आणि गुरुत्वाकर्षण येतं सेकंदवर्गाला १५ मीटर. पृथ्वीवर असतं ९.८. म्हणजे मी पृथ्वीवर नाही! हे वाचताना मी खरंच उठून उभा राहिलो होतो. बाबांनी तं कागद-पेन घेऊन आकडेमोड केली असती.

मराठीत नसेल तर तू वाचून सांग ना ताई. रोज रात्री जेवणानंतर एक प्रकरण, समोर इंग्रजी पुस्तक आणि तोंडाने आपली मराठी, जशी ड्यूनची सांगितली तशी. माझी आजी पोथी अशीच ऐकायची, एक जण वाचणार, अर्थ सांगणार, बाकीचे मध्येच थांबवून प्रश्न विचारणार. बाबांच्या प्रश्नांनी तुलापण ते पुस्तक नवीन वाटेल.

आणि नारायण धारपांचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटून राहिलं.

दुपारची_धंतोली

धारप मी मुद्दाम नाही घेतले. भयकथा आणि विज्ञानकथा दोन्ही लिहिल्या त्यांनी, पण दुकानात हात घातला की भयकथाच हातात येते, आणि ताईंच्या बाबांना पहिल्याच पुस्तकात चेटूक मिळालं तर ते म्हणतील हेच का तुझं विज्ञान. दोन-तीन पुस्तकं पचली की 'नेनचिम' द्या, ती सायफाय आहे.

कोराडीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. गंगाधरपंत मिळाले! शेजारच्या काकांच्या कपाटात होते. बाबांनी दुपारी चहाच्या आत संपवली कथा आणि संध्याकाळी वाद सुरू, की गोळी चुकली म्हणून काय झालं, सैन्य उपाशी होतं, यमुनेपलीकडची रसद अब्दालीनं आधीच तोडली होती, त्याचं काय, नारळीकरांनी हे लिहायला पाहिजे होतं. मी म्हटलं बाबा, विश्वासराव पडले म्हणून भाऊसाहेब हत्तीवरून उतरले आणि तिथून फौजेचा धीर सुटला असं तुम्हीच सांगता ना, ते पडलेच नसते तर? मग एकदम गप्प बसले. थोड्या वेळानं विचारलं, अशा जगात कोराडीत पॉवर स्टेशन झालं असतं का.

वामन आणायला उद्या बर्डीला जाते. हेल मेरी माझ्याकडं आहे, आजपासून रात्री सुरू करतोय, टेपचा प्रसंग आला की मी मध्येच थांबणार आणि त्यांनाच उत्तर काढायला लावणार. आता एकच सांगा, नारळीकरांनंतर लक्ष्मण लोंढे घ्यावे की सुबोध जावडेकर?

बर्डीचा_वाचक

लोंढे. 'दुसरा आइनस्टाइन' पासून सुरू करा. नारळीकरांकडं जी माणसं पातळ वाटतात ना, ती इथं भरलेली मिळतील. जावडेकर त्यानंतर लगेच, त्यांच्याकडं घरातल्या माणसांचे प्रश्न जास्त येतात, ते आईलापण वाचायला द्या.