पऱ्हाटीवर तुडतुडे: लवदार वाण घेतला तर फवारे कमी होतील का?

काळीमाती
कोरडवाहू कपाशी, 50 दिवसांची. पानांच्या कडा पिवळ्या पडून खाली मुरडल्यात, मागच्या बाजूला रस शोषणाऱ्या तुडतुड्यांची फिकट हिरवी पिल्लं तिरकी पळतात. धुऱ्यापलीकडच्या दुसऱ्या वाणावर जवळपास काही नाही. त्याची पानं हाताला खरखरीत लागतात. झाडाच्या अंगच्या प्रतिकारावर किती विसंबता येतं? आणि यंदाच्या उभ्या पिकात काय करू?

बांधावरचा
खरखरीत लागते ती लव, म्हणजे पानावरचे बारीक केस, आणि तुडतुड्यांविरुद्ध कपाशीचा सगळ्यांत भरवशाचा बचाव तोच. मादी अंडी पानावर ठेवत नाही, शिरेच्या आत खुपसते. शिरेवर लांब, दाट, उभी लव असेल तर तिला आत पोचता येत नाही. आखूड, मऊ लव मात्र फारशी कामाची नाही. शेंड्याकडून तिसरं-चौथं पान पालथं करून मधली शीर 10 पट भिंगाखाली बघा. बियाण्याच्या पाकिटावरून हे कळत नाही, म्हणून फवारा न पडलेल्या शेतांतली पानं याच हंगामात पाहून वाणांची नावं टिपून ठेवा.

पण लवदार पानावर पांढरी माशी जास्त रमते, आणि हिरव्या बोंडअळीचा पतंगही जास्त अंडी घालतो. बीटी (अळीला मारक जनुक घातलेला) वाण हिरव्या बोंडअळीला आवरतो, पांढऱ्या माशीला नाही. जिथं तिचा त्रास नेहमीचा आहे तिथं मध्यम लवेचा वाण घ्या.

पानदेठ
वर सांगितलेलं बरोबर आहे, पण चांगल्या वाणाचीही वाट युरिया लावतो. जादा नत्रानं पान कोवळं आणि रसाळ राहतं, रसात मोकळी अमिनो आम्लं वाढतात, किडीला नकोशी असणारी फिनॉल आणि टॅनिन घटतात. पाऊस उघडल्यावर सगळा युरिया एकदम टाकला की पुढच्या पंधरवड्यात तुडतुडे चढतातच. शिफारशीचं नत्र 2-3 हप्त्यांत विभागून द्या, पालाश टाळू नका.

अजून एक गोष्ट फार कुणी बघत नाही. पान पालथं केलंत की मधल्या शिरेवर देठाच्या बाजूला बारीक खळगा दिसेल, त्यात गोड चिकट थेंब असतो. मुंग्या, परजीवी गांधीलमाश्या, क्रायसोपा या मित्रकिडीचे प्रौढ त्यावर जगतात. झाड स्वतःच राखणदार पोसतं. सुरुवातीलाच ॲसिफेट किंवा मोनोक्रोटोफॉससारखं कीटकनाशक मारलं की ही फौज मरते आणि मागून पांढरी माशी उसळते. कडेनं चवळीच्या ओळी लावा. चवळीवरचा काळा मावा कपाशीच्या माव्यापेक्षा वेगळा असतो, त्यावर किडी खाणारे ढालकिडे आधीच तयार होतात.

निंबोळी
उभ्या पिकासाठी आधी मोजा. सकाळी शेतभर फिरून 20 झाडं, प्रत्येकाची वरचं, मधलं, खालचं अशी 3 पानं. सरासरी पानाला 2-3 तुडतुडे भरले तरच फवारा.

5 टक्के निंबोळी अर्क: वाळलेल्या निंबोळ्यांची 5 किलो भरड 9 लीटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी ढवळून फडक्यातून गाळा. 200 ग्रॅम साबणचुरा 1 लीटर पाण्यात विरघळवून त्यात घाला, पाणी मिळवून 100 लीटर करा. त्याच दिवशी, संध्याकाळी, पानाच्या खालून फवारा. उन्हात निंबोळीतलं कीडरोधक द्रव्य, ॲझाडिरॅक्टिन, लवकर नासतं, क्षारयुक्त पाण्यातही. बुरशी लागलेल्या किंवा जुन्या निंबोळ्यांत दम नसतो. वेचलेल्या निंबोळ्या गर धुऊन सावलीतच वाळवा, गोणपाटात भरा, प्लास्टिकच्या पोत्यात नको. दुसऱ्या दिवशी मेलेले तुडतुडे शोधू नका. यानं पिल्लांची कात अडते, खाणं कमी होतं. फरक 4-5 दिवसांनी पुन्हा मोजल्यावर कळेल.

काळीमाती
धन्यवाद. मुरडलेली पानं सरळ होतील का? काही झाडांची खालची पानं लाल पडतायत, तेही तुडतुड्यांमुळंच?

बांधावरचा
मुरडलेलं पान सरळ होत नाही, नवी पानं सपाट निघतात का ते बघा. लालीसाठी शिरा पाहा. शिरा हिरव्या आणि मधला भाग लाल, तेही जुन्या पानांवर, तर मॅग्नेशियमची कमतरता. त्यावर कीटकनाशक मारणं म्हणजे पैसा वाया. कडेपासून आत येणारी तांबूस करपट लाली आणि मुरड एकत्र असेल तर तुडतुडे.