घाणेरी काढायची आहे, पण कंदीलपुष्पाचे कंद सांभाळून

माळरान_इंदूर: महूच्या पुढे विंध्याच्या कड्याला एक गवताळ उतार आहे. वरच्या अंगाला कंदीलपुष्प (कंदिलासारख्या फुलांचा रानवेल) आणि जमिनीवरच्या आमरी (ऑर्किड), आणि खालून घाणेरी (आपली रायमुनिया, म्हणजे लँटानाचं झुडूप) चढत आलीय. वनखात्याची लेखी परवानगी आहे, माणसं दहा-बारा. कुदळीने मुळासकट खणून काढावी का? आणि कधी?

कुदळवाला: खणू अजिबात नका. कंदीलपुष्प आणि आमरी या दोन्हींचे कंद मातीच्या वरच्या थरातच असतात आणि पाऊस सरला की वरचा भाग वाळून जातो, त्यामुळे खाली काही आहे याचा पत्ताही लागत नाही. खड्डा केलात की तेही गेले. नुसती वरून छाटली किंवा जाळली, तर घाणेरी आणखी दाट फुटते; खोड आणि मूळ जुळतात त्या गाठीवरच तिचे डोळे (नवे फुटवे निघतात त्या जागा) असतात. बुंध्याजवळची माती हाताने सारा, गाठ दिसेल. तिच्या खाली ३ ते ५ सेंटीमीटरवर मुख्य मूळ तोडा, बस. मग झुडूप उलटं ठेवा, मुळं आभाळाकडे, शक्यतो खडकावर. ओल्या मातीला टेकलेली फांदी पुन्हा मूळ धरते. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू यांनी रूढ केलेली ही पद्धत आहे.

सातपुडा_विंध्य: वेळेचं मी सांगतो. ऑगस्टमध्ये कंदीलपुष्प फुलावर असताना प्रत्येक वेलाशेजारी बांबूची खुंटी ठोका, नंतर ओळखता येणार नाही. तोडणी सप्टेंबरअखेर: जमिनीत ओल असते, पण पायाखाली चिखल होत नाही. फळं काळी पडली असतील तर आधी ती खुडून पोत्यात भरा.

उघडी पडलेली जागा तशीच सोडलीत तर पुढच्या पावसात तिथे गाजरगवत आणि रानतुळस ही तणं माजतील. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याच डोंगरावरच्या शेडा, मारवेल, कुसळी या गवतांचं बी गोळा करा. एक भाग बी, एक भाग शेण, तीन भाग माती, एक भाग वाळू अशा गोळ्या करून जूनमध्ये पसरा. बाहेरचं बी आणू नका. घाणेरीची नवी रोपं निदान तीन पावसाळे उपटावी लागतील. बोटभर उंचीची असतात तेव्हा हातानेच निघतात.

माळरान_इंदूर: मोकळ्या जागेत करंज, कडुलिंब लावावा असा काही जणांचा आग्रह आहे.

कुदळवाला: कृपा करून नको. सावली पडली की ही गवतं मागे हटतात, आणि त्यांच्यातच वाढणारी कंदीलपुष्पंही. शिवाय घाणेरीची फळं बुलबुल-मैना खातात आणि झाडावर बसून बी खाली टाकतात. आत्ताही उतारावर एकटं झाड असेल तर नवी रोपं आधी त्याच्याखाली शोधा.