कोंकिस्ता नाचाचे मुखवटे कागदाचे करायचेत, बुरशी येतेय

परळ_पूर्व:
ग्वाटेमालातल्या माया लोकांचा 'बायले दे ला कोंकिस्ता', म्हणजे स्पॅनिश स्वारीचा नाच, कॉलेजच्या ऑगस्टमधल्या कार्यक्रमासाठी बसवतोय. मुखवटे 8. तिथे लाकडात कोरतात, आम्हाला कागदच परवडेल. नमुन्याचा मुखवटा चार दिवसांत आतून बुरसला, शिवाय घातल्यावर पायाखालचं दिसत नाही.

खळ_आणि_कागद:
सगळे थर एकाच दिवशी चढवले असणार. वरचा कागद सुकतो, आतली खळ ओलीच राहते. मुंबईच्या पावसाळ्यात एका वेळी दोनच थर द्यायचे आणि पूर्ण दिवस पंख्याखाली ठेवायचा. गालाला लावून गार लागला तर अजून ओला आहे. असे एकूण 8 थर. पट्ट्या फाडून घ्या, कापू नका. फाटलेली कड बेमालूम बसते. खळ एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, चकाकी येईपर्यंत शिजवलेली. बुरशी टाळायला खळीत मोरचूद अजिबात नको, हे तोंडानाकाला लागणार आहे. त्याऐवजी गार खळीत पाव हिस्सा फेव्हिकॉल घाला.

शाडूचे दोनच चेहरे घडवा, त्यांवरून प्लॅस्टरचे साचे काढा, व्हॅसलीन लावून आतून कागद दाबा. मिशा नंतर लगद्याने चढवता येतात.

संबळ:
बुबुळांना भोकं पाडू नका. तिकडच्या बऱ्याच मुखवट्यांत डोळे रंगवलेले किंवा काचेचे असतात आणि बघायची फट वेगळी. खालच्या पापणीखाली 4 सेंमी लांब, 7 मिमी रुंद फट कापा, पायाखालचं तिथूनच दिसेल. आत कपाळाला आणि गालफडांना फोमच्या पट्ट्या, नाही तर घामाने कागद नरम पडतो. इलॅस्टिकने मुखवटा उडीला हिंदकळतो; डोक्याला सुती रुमाल आवळून वरून नाडीच बांधा. नाडीचं भोक पाडण्याआधी तिथे कापडाचं ठिगळ चिकटवा.

रंगमंच_मागे:
पात्रांची गल्लत होऊ देऊ नका. स्पॅनिश सेनानी पेद्रो दे आल्वारादो गुलाबी गोरा, सोनेरी कुरळ्या केसांचा. किचे या माया लोकांचा नायक तेकून उमान सावळा, डोक्यावर केत्साल पक्षी. ही लढाई 1524 ची. 'राबिनाल आची' हा तिथलाच दुसरा माया नाच निराळा: त्यात स्पॅनिश कुणीच नाही, तंटा दोन माया राज्यांमधला, त्यामुळे त्याचे फोटो बघून पोशाख ठरवू नका. तालीम पहिल्या दिवसापासून मुखवट्यातच घ्या. बोहाड्याच्या सोंगांसारखंच इथेही भाव मानेतून येतो. आल्वारादोची हनुवटी वर असेल तर तोच चेहरा मग्रूर दिसतो, खाली गेली की पेंगुळलेला.