आईसाठी ई-रीडर : सात इंची किंडल घ्यावं की दहा इंची अँड्रॉइडवालं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई ७४ वर्षांची, मिरजेला असते. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली आहेत, नजर उत्तम आहे. पण संधिवातामुळे बोटं आखडतात आणि जाडजूड पुस्तक हातात धरवत नाही. वाचनालयाचा जिना चढणंही दोन वर्षांपासून बंद झालंय. रात्री जेवणं आटोपल्यावर तासभर वाचल्याशिवाय तिला झोप लागत नाही. ही सवय सुटू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

सध्या भाचीचा जुना दहा इंची टॅब आहे. उशीला टेकवून, कुशीवर होऊन वाचते. अर्ध्या तासात डोळ्यांतून पाणी यायला लागतं. उजेड कमी करून दिला, पिवळी छटा लावून दिली, तरी फार फरक नाही. शिवाय मधेच व्हॉट्सॲप वाजतं, आणि त्या प्रकाशानं बाबांची झोपमोड होते ती वेगळीच.

म्हणून ई-इंककडे, म्हणजे कागदासारखा पडदा असलेल्या ई-रीडरकडे वळले. मला समजलंय ते असं : पडद्यात काळ्या-पांढऱ्या कणांच्या बारीक कुप्या असतात, विजेच्या भारानं ते कण वर-खाली होतात आणि एकदा अक्षर उमटलं की पान उलटेपर्यंत ते धरून ठेवायला वीज लागत नाही. दिवा असतो तो कडेनं पडद्यावर पडतो, टॅबसारखा मागून डोळ्यांत येत नाही. मैत्रिणीचा २०२१चा किंडल पेपरव्हाइट (६.८ इंची, २०५ ग्रॅम) आठवड्यासाठी आणला. त्यात विकत घेतलेलं एक मराठी पुस्तक होतं. आईनं अक्षर तीन-चार पायऱ्या मोठं केलं आणि दिवा मालवून दीड तास वाचत राहिली. सकाळी चहा गाळताना म्हणाली, "अगं, हात दुखलाच नाही."

खरी अडचण पुढे आहे. तिला हवं ते बरंचसं पीडीएफमध्ये आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं मोफत ठेवलेले ग्रंथ, ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं आणि घरातले जुने दिवाळी अंक, जे मी बसून स्कॅन केले. स्कॅन म्हणजे पानाचा फोटोच. त्यात अक्षर मोठं होत नाही, अख्खं पान मोठं होतं, आणि मग एकेका ओळीसाठी ते डावी-उजवीकडे सरकवायचं. आईनं दोन पानं तसं केलं आणि काही न बोलता यंत्र बाजूला ठेवलं.

कॅलिबर या मोफत सॉफ्टवेअरमधून ईपब (अक्षर लहान-मोठं करता येणारं ई-पुस्तक) करून पाहिलं. एक पीडीएफ युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फाँटमध्ये जुळवलेली निघाली. तिच्यातल्या मराठीचं इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं असं काहीतरी झालं, एक शब्दही लागला नाही.

मग पुठ्ठ्यात दोन खिडक्या कापल्या. एक सात इंची पडद्याएवढी, म्हणजे साधारण १०.५ बाय १४ सेंटिमीटर, दुसरी १०.३ इंचीएवढी, सुमारे १६ बाय २१. आपली कथा-कादंबऱ्यांची पुस्तकं बहुधा डेमी असतात, साडेपाच बाय साडेआठ इंच. मोठ्या खिडकीत डेमी पान जवळजवळ पूर्ण बसतं. छोटीत छापील ओळ कशीबशी मावते, पण खालच्या पाच-सहा ओळी बाहेर जातात. शिवाय बुकगंगा या संकेतस्थळावरून घेतलेली ई-पुस्तकं त्यांच्या ॲपमध्येच उघडतात, त्यासाठी अँड्रॉइड लागेल. तर बूक्स कंपनीच्या अँड्रॉइडवाल्या ई-रीडरसारखं १०.३ इंची घ्यावं का? ते चारशे ग्रॅमच्या आसपास जातं, आणि तिच्या बोटांना तेवढं वजन झेपेल का, हीच धास्ती आहे. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसं असं यंत्र रोज वापरतात त्यांनी कृपया सांगावं. रंगीत पडदा नको आहे.

प्रतिसाद

ताई, मोठं घेणार असाल तर आधी दिवा आहे का ते बघा. बूक्स गो १०.३ (२०२४) हलकं आहे, पण त्याला दिवाच नाही. अंधारात वाचणाऱ्या आईंना ते निरुपयोगी.

दुसरं, सात इंचीची तुमची पुठ्ठ्याची खिडकी आडवी धरून पाहा. किंडलमध्ये पीडीएफ उघडली की मांडणीच्या पर्यायांत पडदा आडवा करता येतो. माझे वडील असंच वाचतात. पान दोन टप्प्यांत दिसतं, पण डावी-उजवीकडे सरकवावं लागत नाही.

तिसरं, केओरीडर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, कोबो कंपनीच्या ई-रीडरवर आणि अँड्रॉइडवर चालतं. ते स्कॅनमधले शब्द चित्र म्हणूनच सुटे करून मोठ्या अक्षरात नव्या ओळी जुळवतं, त्यामुळे फाँटचा प्रश्नच येत नाही. पान वाकडं स्कॅन झालं असेल किंवा ओळी फार दाट असतील तर मात्र उकार-मात्रा वरच्या-खालच्या ओळीत अडकतात. आधी पानं सरळ करून घ्या.

धागाकर्तीचं उत्तर

मनापासून आभार. पुठ्ठा आडवा धरला. डेमी पानाची रुंदी १४ सेंटिमीटर, खिडकीची लांबीही १४! समास धरून अख्खी रुंदी मूळ आकारात मावली, आणि वरचं अर्धं पान संपलं की खालचं अर्धं. मैत्रिणीचं यंत्र परत द्यायला दोन दिवस होते, तेवढ्यात त्यावरही करून पाहिलं. आईनं मंडळाच्या एका चरित्राची चाळीस पानं वाचली. मधे एकदाच हाक मारली, तीही पाणी हवं म्हणून.

तेव्हा सात इंची घेते. बुकगंगाची पाच-सहा पुस्तकं राहतील टॅबवर, दिवसा वाचेल.

दिवाळी अंकांचं मात्र अडलंय. पान मोठं, दोन रकाने, आणि आडवं धरूनही अक्षर बारीकच राहतं. स्कॅन केलेल्या पानाचे दोन रकाने वेगळे कापून एकाखाली एक लावून कुणी पीडीएफ केली आहे का? सुमारे तीस अंक आहेत, एकेक पान हातानं कापायचीही माझी तयारी आहे, फक्त रीत सांगा.